ऑडिटरबाबूंचा कोठा

ऑडिटर निवृत्त होत नाही. त्याच्यासमोर दप्तर यायचं तेवढं थांबतं. आमच्या ऑडिटरबाबूंनी सगळी हयात सहकारी संस्थांची किर्द-खतावणी तपासण्यात घालवली. निवृत्त होऊन ते बोदलकशाच्या वडिलोपार्जित घरी राहायला आले, तेव्हा पहिले काही दिवस त्यांचा उजवा हात नुसताच हवेत टिकमार्क करायचा. मग त्यांनी गाव तपासायला घेतलं.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक होतं. त्या नाटकाचा जमाखर्च आजवर कुणी मागितला नव्हता. ऑडिटरबाबूंनी मागितला. विकलेली तिकिटं, मांडलेल्या खुर्च्या आणि बसलेली माणसं या तीन आकड्यांत मेळ का नाही, हा पहिला आक्षेप. नायिकेने दुसऱ्या अंकात बदललेल्या साडीचं व्हाउचर कुठे आहे, हा दुसरा. त्या वर्षापासून नाटक मंडळाचा खजिनदार त्यांना लांबून पाहिलं की रस्ता सोडून तलावाच्या पाळीवरून जातो. तेरवीच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्याला ते "शिल्लक किती?" असं विचारतात. विचारण्यामागे दुसऱ्यांदा घ्यायचा हेतू असतो, पण पोराचा हात थरथरतो.

शर्टाच्या खिशात दोन पेन: निळा लिहायला, लाल आक्षेपाला. लाल आधी संपतो. कुठलीही गोष्ट ते पूर्णपणे मान्य करत नाहीत. "काकाजी, तब्येत बरी ना?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "सकृद्दर्शनी बरी." मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हाही ते 'गरम होतंय' म्हणत नाहीत, 'गरम होत असल्याचे दिसून येते' म्हणतात. राग आला मात्र की सगळी कार्यालयीन मराठी गळून पडते आणि आतून अस्सल झाडीबोली बाहेर येते. म्हणजे त्यांना राग किती आला हे आवाजावरून नाही, व्याकरणावरून कळतं.

असा हा माणूस गोरक्षक होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही अजून वाटत नाही. झालं ते असं, की भावकीने ट्रॅक्टर घेतल्यावर एकेकाने गुरं काढून टाकली होती, आणि ऑडिटरबाबूंच्या वाट्याच्या कोठ्यात चार गाई आणि बैल तेवढे शिल्लक होते. गाईही विकून टाकाव्या असा घरात विचार निघाला. ऑडिटरबाबू म्हणाले, "हरकत नाही. पण मालमत्ता विकण्यापूर्वी मूल्यांकन झालं पाहिजे." त्यांनी शंभर पानी वही आणली, जमा-नावेचे रकाने आखले आणि गाईंची तपासणी सुरू केली. ती अजून चालू आहे. तपासणी चालू असेपर्यंत मालमत्तेची विल्हेवाट लावता येत नाही, हा त्यांचा बाणा. बोदलकशातल्या त्या गाई कुणाच्या भक्तीमुळे वाचलेल्या नाहीत. ऑडिट अपुरं राहिल्यामुळे वाचल्या आहेत.

बाहेरच्या माणसाला बोदलकसा म्हणजे 1917 साली पुरं झालेलं धरण, त्याचा विस्तीर्ण तलाव, काठावरचं पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आणि शेजारचं नागझिऱ्याचं जंगल. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातल्या शेतकऱ्याला मात्र त्या पाण्यात धान दिसतो. धान म्हटलं की चिखल आला, रोवणी आली, तणस आली, आणि कालपरवापर्यंत त्यामागोमाग कठाणी जोडीही आलीच. पूर्व विदर्भातला हा गोवंश अंगाने लहानखुरा. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात चालावं तर यानेच. गाय दूध देते लिटरभर, आणि तेही वासराला पाजून उरलं तर. काही वर्षांपूर्वीपर्यंत सरकारी कागदावर हिचं नाव नव्हतं. 'गावठी' या एका शब्दात सगळा कारभार आटोपायचा. मग कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने कठाणीची स्वतंत्र गोवंश म्हणून नोंद केली. देशातल्या नोंदलेल्या देशी गोवंशांची संख्या त्या वेळी 53 झाली. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ आणि कोकण कपिला यांच्या पंगतीला कठाणी जाऊन बसली.

ही बातमी वाचल्यावर ऑडिटरबाबू ताबडतोब कोठ्यात गेले आणि गाईकडे पाहत उभे राहिले. गाय रवंथ करत होती. बाजारात चौकशी केली, तर भाव कालचाच होता. त्यांनी वहीत नोंद केली: 'दर्जावाढ झाली. वेतनवाढ नाही.'

ऑडिटरबाबूंच्या पत्नी, काकीजी, यांनी गाईंची नावं चांदी, काबरी, मोरी आणि सोनी अशी ठेवली आहेत. वहीत त्या गाय क्रमांक एक ते चार आहेत. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक तर ऑडिटरबाबूंना तोंडपाठ आहे. मोबाईल नंबर ते पाहून सांगतात.

वहीतलं पहिलं खातं दुधाचं. वेत आठ महिन्यांचं, रोजचा एक लिटर, लिटरला 35 रुपये: 8,400. पुढचं वेत यायला वर्ष जाणार, कदाचित दीड. शेजारच्या गावात संकरित गाय रोजचे बारा-पंधरा लिटर देते. 1970 साली दूधमहापूर सुरू झाला तेव्हापासून डेअरीच्या खिडकीतून गाईकडे पाहायची आपल्याला सवय लागली, आणि त्या खिडकीतून कठाणीची फक्त कास दिसते. उरलेली गाय भिंतीआड राहते. 2019 च्या पशुगणनेत सात वर्षांत देशी गुरं सहा टक्क्यांनी घटली आणि संकरित सत्तावीस टक्क्यांच्या आसपास वाढली, ते या खिडकीमुळेच, असं ऑडिटरबाबूंचं मत. "एका रकान्यावरून ताळेबंद काढायचा असता, तर मी निम्म्या सोसायट्या बुडीत दाखवल्या असत्या," ते म्हणतात. त्यातल्या काही खरोखर बुडीत होत्या, पण तो विषय वेगळा.

म्हणून त्यांनी रकाने वाढवले. दुसरं खातं शेणाचं. एक गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण टाकते, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांवर. हे शेण मोजायचं कसं? त्यांनी जुना तराजू काढला आणि सकाळी कोठ्याशी जाऊन उभे राहिले. आकडा कमी भरला. गायकीला, म्हणजे गुराख्याला, बोलावणं गेलं. आमचा गायकी गोवारी आहे. त्याचा बाप गावाचीच गुरं राखायचा, आजाही. सकाळी आखरावर गुरं जमवायची, जंगलात न्यायची आणि संध्याकाळी ज्याची त्याच्या दारी लावायची, हे तो मुकाट्याने करतो. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी ढाल घेऊन नाचतो, तेवढाच त्याचा गोंगाट.

"आकडा कमी आहे," ऑडिटरबाबू म्हणाले.

"बाबू, गाय दिवसभर जंगलात रायते," गायकी म्हणाला. "तिकडं टाकलं ते जंगलाचं. कोठ्यात टाकलं ते तुमचं."

ऑडिटरबाबूंना हे पटलं. त्यांनी वहीत नवं पान उघडलं. शीर्षक दिलं: 'वनविभागाकडून येणे.' खाली लिहिलं: 'शेण, अंदाजे निम्मे.' ही थकबाकी गेली काही वर्षं पुढे ओढली जाते आहे. वनविभागाला तिची कल्पना नाही.

वनविभागाशी त्यांचा दुसरा व्यवहार मात्र खरा झाला. 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, त्याच्या भोवतालच्या गावांना वाघ हा शेजारी आहे. त्याने गाय क्रमांक तीन नेली. पंचनामा झाला, भरपाई मिळणार हे ठरलं, आणि ती मिळालीही. वाद झाला तो एकाच रकान्यावर: बाजारभाव. नियमाप्रमाणे भरपाई बाजारभावाच्या आधाराने आणि ठरलेल्या मर्यादेत. बाजारात कठाणीचा भाव ठरतो दुधावर आणि दूध लिटरभर. ऑडिटरबाबूंनी पंचनाम्याला चार पानांचं परिशिष्ट जोडलं: सदर गाईने आजवर दिलेले गोऱ्हे, त्या गोऱ्ह्यांनी केलेला चिखल, त्या चिखलात पिकलेला धान. वनरक्षकाने ते आदराने वाचलं आणि म्हणाला, "काकाजी, एवढी मोठी गाय वाघाला झेपली कशी?"

पण तिसरं खातं हाच या वहीचा खरा गाभा आहे. त्याचं शीर्षक: 'गोऱ्हा.'

दूध डेअरीत गाईला गोऱ्हा झाला की मालकाचं तोंड पडतं. कठाणीच्या कोठ्यात पूर्वी गोऱ्हा झाला की गूळ वाटायचे. ही गाय दुधासाठी ठेवलेलीच नव्हती. ती बैल देणारी गाय होती, दूध आपलं वरकमाई. रोवणीच्या आधी बांधीत चिखल करायला, धान घरी आणायला, बंडीला जुंपायला जोडी लागायची. ती जोडी घरच्या गाईने दिली की विकत घ्यावी लागत नसे. गाय वर्षभर जंगलात चरायची, घरी तणस खायची. तणस घरची, चारा जंगलाचा. खर्चाच्या बाजूला लिहायचं तरी काय? ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याचं गिऱ्हाईक गेलं. गोऱ्हा बिनभावाचा झाला, तशी त्याची आईही झाली.

हा मुद्दा ते पुतण्यासमोर मांडतात, कारण ट्रॅक्टर पुतण्याचा आहे. दरवर्षी आषाढात दोघांचा धुऱ्यावर वाद होतो आणि रोवणीच्या बाया कामाचा कंटाळा आला की तो ऐकायला थांबतात.

"काकाजी, तुमची जोडी वर्षातले दोन-अडीच महिने काम करते आन् बारा महिने खाते," पुतण्या म्हणतो. "माझा ट्रॅक्टर काम नसलं त काही खात नाई."

"आणि हप्ता? तो कोणत्या महिन्यात उपाशी झोपतो?"

पुतण्या ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघतो. पण तोही याच घरचा. "मी एका दिवसात जेवढा चिखल करतो, तेवढ्याले तुमच्या जोडीले आठवडा लागते. तासाले हजाराच्या घरात भाडं येते. तुमची जोडी कोणी भाड्यानं नेते का?"

यावर ऑडिटरबाबू लाल पेन खिशात ठेवतात आणि निळ्याने लिहितात: 'मान्य.' त्यांचा हा गुण मानला पाहिजे. प्रतिपक्षाचा खरा आकडा ते खोडत नाहीत. फक्त त्याखाली आणखी काही ओळी वाढवतात: ट्रॅक्टरने लहान बांध्यांचे धुरे फोडले, ते कोण बांधणार? डिझेल गावात पिकतं का? ट्रॅक्टर म्हातारा झाला की भंगारात किलोवर जातो. बैल म्हातारा झाला की?

इथे ते थोडं थांबतात, कारण प्रश्न नाजूक आहे. राज्यात गाय कापायला बंदी जुनीच होती; मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. पूर्वी थकलेली जोडी बाजारात गेली की चार पैसे यायचे आणि त्यात भर घालून नवी जोडी दावणीला यायची. कुणी याला पाप म्हणो, कुणी व्यवहार. हिशेबात मात्र ती एक जमा बाजू होती, ती पुसली गेली. "कायद्याने बैलाला जीवदान दिलं," ऑडिटरबाबू म्हणतात. "तणस कोणी द्यायची, ते कलम टंकलेखनात राहून गेलं असल्याचे दिसून येते." त्यांच्या कोठ्यात दोन म्हातारे बैल अजून उभे आहेत. वहीत त्यांचं खातं 'निवृत्तिवेतन' या नावाने आहे. ऑडिटरबाबूंच्या पेन्शनमधून त्यांचं कुटार येतं, म्हणून एकाच रकान्यात दोन पिढ्यांचे निवृत्त दाखवले आहेत.

सरकारी योजनांवर तर त्यांचा विशेष जीव. शासन निर्णय ते कादंबरी वाचावी तसे वाचतात आणि शेवटच्या पानावरच्या अटींपाशी येऊन उसासा टाकतात. 2024 साली राज्याने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी 5 आणि मग 7 रुपये अनुदान दिलं. ऑडिटरबाबूंनी गुणाकार केला. पंधरा लिटरवाल्या परदेशी रक्ताच्या गाईला दिवसाला 105 रुपये. कठाणीला 7, आणि तेही वासराने उपास केला तर. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला देशी गाय 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर झाली आणि गोशाळेतल्या प्रत्येक देशी गाईला रोज 50 रुपये द्यायचं ठरलं. बातमी ऐकून काकीजींनी चांदीला ओवाळलं. ऑडिटरबाबूंनी अटी वाचल्या. अनुदान नोंदणीकृत गोशाळेतल्या गाईला होतं. घरच्या कोठ्यातली गाय त्यात बसत नव्हती.

"म्हणजे पाहा," ते मला सांगत होते, "ही गाय माझ्या घरी राहिली तर अनुदान शून्य. मी हिला सोडून दिली, ही गोशाळेत गेली, तर वर्षाला 18,250. शासनाच्या दृष्टीने माझ्या हातून होण्यासारखी सर्वांत मोठी गोसेवा म्हणजे गाय टाकून देणं." मग एकदम व्याकरण सुटलं. "घरी सांभाळते त्याले काहीच नाई, आन् सोडून देल्ल्या गाईले पगार! काहून जी?"

गोशाळेला पैसे देऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं नाही. टाकून दिलेल्या गाईला कुणीतरी सांभाळायला हवंच. पण गोवंश टिकतो तो गाय गाभण राहून, वासरू मोठं होऊन, कामाला लागून. नुसती जिवंत ठेवलेली म्हातारी गुरं म्हणजे गोवंशाचं जतन नव्हे, हे ऑडिटरबाबू पुनःपुन्हा सांगतात. गाभण राहायला सांड लागतो. सांड कुणाचा? गावाचा. त्याचा खुराक कुणाचा? गावाचा. म्हणजे कुणाचाच नाही. कृत्रिम रेतनाची सोय दारात आल्यापासून सांडाला विचारतो कोण? पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी सांगितलं, आता रेताची अशी कांडी मिळते की शंभरात नव्वद वेळा कालवडच होईल.

"आणि गोऱ्हा?" ऑडिटरबाबूंनी विचारलं.

"गोऱ्ह्याची कटकटच नाही."

"अहो, पण या गाईचं उत्पादन गोऱ्हाच आहे! तुम्ही मला पिठाची गिरणी विकून पीठ येणार नाही याची हमी देताय!"

डॉक्टरांनी चहा मागवला.

ऑडिटरबाबूंचा आदर्श देश ब्राझील. तिथे ते गेलेले नाहीत, पण तिथल्या गाईंविषयी ते गोंदियाच्या भातगिरण्यांपेक्षा अधिकाराने बोलतात. गुजरातची गीर आणि आंध्रची ओंगोल या गाई तिकडे गेल्या. ओंगोलला तिथे नेलोर म्हणतात. ब्राझीलच्या उबेराबा गावी पैदासकारांची संघटना आहे. कोणत्या गाईने किती दूध दिलं, कोणत्या वळूच्या मुली किती देतात, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तिथे आहेत. त्या नोंदींवर निवड करत त्यांनी गीर दुधाची केली आणि नेलोर मांसाची. "त्यांनी गाय नेली आणि वही उघडली," ऑडिटरबाबू म्हणतात. "आपल्याकडे गाय राहिली, वही राहून गेली." आपल्याकडेही उरुळी कांचनच्या बाएफसारख्या संस्थांनी कठाणीच्या नोंदींचं काम हाती घेतलं, याचा ते आदराने उल्लेख करतात. तिथे नोंदी लिहिणारी मुलं टिकमार्क कोणत्या पेनने करतात, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं आहे.

थंडीत तलावावर पर्यटक येतात. पक्षी बघून झाले की त्यांना अस्सल काहीतरी हवं असतं. नागपूरहून आलेली एक मोटार एकदा थेट कोठ्यासमोर थांबली. उतरलेल्या बाईंनी विचारलं, "ए-टू तूप मिळेल का? बिलोना?"

ऑडिटरबाबूंनी त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि वही उघडली. ऑगस्ट 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुधाच्या पिशवीवरून ए-वन, ए-टू हे दावे काढा असं कळवलं आणि आठवड्याच्या आत ते पत्र मागे घेतलं. "एका आठवड्यात माझ्या गाईचं दूध दोनदा बदललं," ते म्हणाले. "तिला काहीच कळवण्यात आलं नाही." पुढे तुपाचा हिशेब: किलोभर तुपाला पंचवीस-तीस लिटर दूध, म्हणजे एका गाईचा महिना, तोही वासराला न पाजता. बाईंनी दोन-तीन हजारांचा भाव देऊ केला. काकीजींचे डोळे चमकले. ऑडिटरबाबू म्हणाले, "वासराचं दूध काढून तुम्हाला दिलं, वासरू अशक्त झालं, गोऱ्हा कामाचा राहिला नाही, तर तुमचं तूप माझ्या खात्यावर तोटा आहे. तांदूळ देऊ का?"

बाईंना तांदूळ नको होता. गाईबरोबर एक फोटो मात्र हवा होता. तो त्यांनी काढला. ऑडिटरबाबूंनी फोटोची पावती देऊ केली. ती त्यांना विनोद वाटली.

एकतीस मार्चच्या संध्याकाळी अंगणात वार्षिक ताळेबंदाचं वाचन होतं. गायकी, पुतण्या आणि मी, एवढी सभा. कोरम पूर्ण असल्याचं जाहीर होतं. गेल्या खेपेला ऑडिटरबाबू खुशीत होते. दूध, शेणखत, घरच्या जोडीने केलेल्या चिखलाचं वाचलेलं भाडं, विकलेला एक गोऱ्हा, हे सगळं जमेला. ढेप, औषध, गायकीचा मेहनताना आणि दोन पेन्शनर नावे बाजूला. वनविभागाची थकबाकी त्यांनी सचोटीने धरली नव्हती. शेवटी त्यांनी चष्मा सावरून जाहीर केलं: निव्वळ नफा 1,400 रुपये. देशी गाय फायद्यात असल्याचं सकृद्दर्शनी दिसून येत होतं. पुतण्यानेही टाळी वाजवली.

काकीजी कोठ्यातून आल्या. हात शेणाने भरलेले.

"अजी, सकाळी शेण कोण काढते?"

"तू."

"पाणी कोण पाजते? वासरू कोण सोडते? तणस कोण टाकते? रातच्याले मोरी... नाई, मोरीले त वाघानं नेलं... काबरी अडली तवा रातभर कोण बसलं होतं?"

"तूच. पण ते घरचं काम..."

"मंग त्याची मजुरी कोणत्या रकान्यात लिवली?"

अंगण गप्प झालं. जन्मभर दुसऱ्यांचे सुटलेले रकाने शोधणाऱ्या माणसाच्याच वहीत हा रकाना सुटला होता. ते काही 'अमूर्त श्रम' वगैरे पुटपुटले.

"रोवणीले बाईले दिवसाची मजुरी किती देता?"

"तीनशे."

"चौथा हिस्सा तरी लावा. पंचाहत्तर. वर्षाचे लिवा."

ऑडिटरबाबूंनी लिहिलं. 75 गुणिले 365: 27,375. नफा 1,400 वजा. निव्वळ तोटा 25,975. पुतण्याला संधी दिसली. तो म्हणाला, "पाहा काकाजी, म्हणून म्हणतो, इकून टाका."

काकीजी त्याच्याकडे वळल्या. "गाय इका असं कोण म्हटलं रे? मी मजुरी मागतली. मजुरी द्या म्हटलं की तुमी मानसं कामच बंद करता!"

हा शेरा ऐकून ऑडिटरबाबूंनी लाल पेन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दप्तरावर आक्षेप नोंदवला. आक्षेपाची पूर्तता झालेली नाही. काकीजींची बाकी वर्षावर वर्ष वाढते आहे, आणि येणं वसूल होईपर्यंत गाई विकायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं आहे. त्यामुळे गाई आहेत. काबरीला नुकताच गोऱ्हा झाला. गूळ वाटला गेला. गुळाचं व्हाउचर वहीत आहे.

ऑडिटरबाबूंचा अहवाल आता अंतिम टप्प्यात असल्याचं ते गेली काही वर्षं सांगतात. त्याचा सारांश एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच आहे. शेण काढणारीची मजुरी हिशेबात धरा. सांडाचा खुराक गावाच्या अंदाजपत्रकात घाला. रोजचे 50 रुपये घरच्या दावणीपर्यंत येऊ द्या. लहान बांध्यांत बैलजोडी भाड्याने नेणाऱ्याला सवलत द्या. आणि बोदलकशाला येऊन गाईबरोबर फोटो काढणाऱ्या मंडळींना त्यांचं एकच सांगणं आहे: कठाणी जगवायची असेल, तर तिच्या तुपाचा भाव विचारू नका, तिच्या गोऱ्ह्याला गिऱ्हाईक आणा.